फिगर घेण्याआधी नियमावली: मिनिएचर खेळांच्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्यांसाठी

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांच्या सामानात अलीकडे अधूनमधून एक वेगळाच डबा सापडतो. त्यात बोटभर उंचीच्या रंगवलेल्या फिगर असतात, प्रत्येकीच्या बैठकीखाली एक फिरती तबकडी असते आणि बैठकीच्या खाचेतून त्या तबकडीवरचे आकडे डोकावत असतात. पडवीवर नकाशा पसरला जातो, मुंबईची मुले गावच्या मुलांना दोन दिवसांत खेळ शिकवतात, आणि चाकरमानी परत गेले तरी खेळ मागे उरतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली या पट्ट्यात अशा रीतीने हा छंद लागलेले जे काही खेळाडू मला भेटले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे केव्हातरी मुंबईच्या किंवा पुण्याच्या स्पर्धेत नाव दिले, आणि तेथे गेल्यावर त्यांना कळले की पडवीवरचा खेळ आणि स्पर्धेतला खेळ यांत बरेच अंतर आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अंतर म्हणजे काय, हे कॅरममुळे आपल्याला ठाऊक आहे. घरी सोंगट्या संपेपर्यंत डाव चालतो. स्पर्धेत मात्र २५ गुण किंवा ८ बोर्ड, यांपैकी जे आधी होईल तेथे गेम संपतो, आणि खेळाडूचे २२ गुण झाले की राणीचे ३ गुण त्याला मिळेनासे होतात. बोर्ड तोच, स्ट्रायकर तोच, तरीही आघाडीवर असलेला खेळाडू राणीच्या मागे लागायचे की नाही हे त्या एका नियमावरून ठरवतो. मिनिएचर खेळांत हा परिणाम कितीतरी अधिक असतो, कारण येथे नियम केवळ खेळण्याची पद्धत ठरवत नाहीत, तर कोणत्या फिगर विकत घ्यायच्या हेही ठरवतात.

पहिली पायरी: दोन कागद वेगळे ओळखणे

फिरत्या तबकडीची कल्पना विझकिड्स या अमेरिकी कंपनीने २००० साली ‘मेज नाइट’मधून आणली आणि २००२ साली ‘हिरोक्लिक्स’मध्ये ती कॉमिक्समधील पात्रांना लावली. तबकडीवर वेग, हल्ला, बचाव आणि इजा असे चार आकडे दिसतात. फिगरला मार बसला की तबकडी तितके टप्पे पुढे फिरवायची, आकडे सहसा खालावत जातात आणि शेवटी फिगर बाद होते. हे सर्व ज्या पुस्तिकेत लिहिलेले असते ती खेळाची नियमावली होय. स्पर्धेची नियमावली हा निराळा कागद असतो. त्यात हल्ला कसा करावा हे नसते. कोणत्या फिगर चालतील, संघ किती पॉइंटांचा, म्हणजे त्यातील फिगरांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज किती असावी, फेरीला वेळ किती, वेळ संपल्यावर विजेता कसा ठरवावा, उशीर झाल्यास काय, आणि वाद झाल्यास कोणाकडे जावे, हे असते. याखेरीज आयोजकाची सूचना हा तिसरा आणि बहुधा एक पानाचा मजकूर असतो. त्या दिवसापुरता तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण स्पर्धेच्या नियमावलीने आयोजकावर सोडलेल्या गोष्टी त्यात निश्चित केलेल्या असतात.

हे तिन्ही मजकूर मिळवून त्यांवरील तारीख पाहावी. नियमावल्या वारंवार सुधारल्या जातात, आणि डब्यातून निघालेली पुस्तिका ही डबा छापला गेला त्या दिवसाची असते, स्पर्धेच्या दिवसाची नव्हे.

दुसरी पायरी: कोणत्या फिगर चालतात ते पाहणे

हिरोक्लिक्सच्या स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारांत होतात. ‘मॉडर्न’ प्रकारात केवळ अलीकडच्या संचांतील फिगर चालतात आणि ठरावीक काळाने जुने संच त्यातून बाहेर पडतात. ‘गोल्डन’ प्रकारात जुन्यानव्या सर्व फिगरना जागा असते. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या वेळी हा भेद मला ऐकून माहीत होता, पण आपल्या फिगर कोणत्या बाजूला पडतात हे मी तपासले नव्हते. नावनोंदणीच्या टेबलावर माझ्या ३०० पॉइंटांच्या संघातील दोन फिगर वगळल्या गेल्या. उरलेल्या १७५ पॉइंटांवर मी तीन फेऱ्या खेळलो, तिन्ही हरलो, आणि रात्रीच्या गाडीने रत्नागिरीला परतलो. आयोजकाचा यात काहीही दोष नव्हता. सूचनेच्या दुसऱ्याच ओळीत ‘मॉडर्न’ असे लिहिलेले होते.

म्हणून नवख्याने खरेदीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी कोणत्या प्रकारात खेळणार आहे? मॉडर्नसाठी घेतलेली फिगर काही काळाने त्या प्रकारातून जाणारच, हे गृहीत धरूनच पैसे खर्च करावेत. जुनी, स्वस्तात मिळालेली फिगर गोल्डन स्पर्धेत आणि घरच्या खेळात चालेल, परंतु गोल्डनमध्ये प्रतिस्पर्ध्याकडे वीस वर्षांचा साठा असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रकार ‘सील्ड’ म्हणून ओळखला जातो, आणि कोकणातून जाणाऱ्या, जवळ मोजक्याच फिगर असलेल्या खेळाडूने सुरुवात येथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रकारात प्रत्येक जण तेथेच मिळालेले बंद बूस्टर, म्हणजे आत कोणत्या फिगर आहेत हे बाहेरून न कळणारे खोके, उघडतो आणि त्यातून निघालेल्या फिगरांचाच संघ बांधतो. कोणाच्या घरी किती साठा आहे याला येथे महत्त्व उरत नाही, खर्च आधीच कळतो आणि उघडलेल्या फिगर सहसा आपल्याकडेच राहतात. बूस्टरमधून काय निघेल हा नशिबाचा भाग राहतोच, पण ते नशीब सर्वांना सारखेच लागू असते.

तिसरी पायरी: पॉइंटांचा हिशेब

प्रत्येक फिगरची एक पॉइंट-किंमत असते आणि संघाची बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. हिरोक्लिक्समध्ये ही मर्यादा बहुधा ३०० असते आणि दर १०० पॉइंटांमागे पाळीला एक कृती (पुढे सरकणे किंवा हल्ला), म्हणजे एकूण तीन कृती मिळतात. शिवाय, एकाच फिगरने लागोपाठ दोन पाळ्यांत कृती केली तर तिला एका टप्प्याची इजा होते.

या दोन नियमांतून संघाची रचना आपोआप सुचते. नवखा खेळाडू हौसेने २०० पॉइंटांचा एक महानायक आणि १०० पॉइंटांचा एक साथीदार घेतो. त्याला तीन कृती मिळतात, पण फिगर दोनच असल्याने तिसरी कृती दर पाळीला वाया जाते. आणि त्या दोघांनी दर पाळीला काम करायचे म्हटले तर शत्रूचा हात लागण्याआधीच ते स्वतःला जखमी करून घेतात. उलट ५० पॉइंटांच्या सहा फिगर घेतल्यास तीन आज लढतात, तीन उद्या, आणि कोणालाही विनाकारण मार बसत नाही. मात्र सहा फिगरांच्या सहा प्रकारच्या शक्ती लक्षात ठेवाव्या लागतात, आणि घड्याळ चालू असताना फिगरच्या शक्ती लिहिलेले कार्ड पुन्हा पुन्हा वाचणे परवडत नाही. पहिल्या स्पर्धेसाठी चार फिगर हा मला मध्यम मार्ग वाटतो.

संघाची यादी घरूनच दोन प्रतींत लिहून न्यावी, बेरीज दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी. एका पॉइंटाने चुकलेली बेरीज ही चूकच मानली जाते.

चौथी पायरी: घड्याळ आणि गुण

हा भाग मी सर्वांत अधिक विस्ताराने लिहितो आहे, कारण पडवीवर वाढलेला खेळाडू स्पर्धेत येथेच हरतो. घरी डाव शेवटची फिगर पडेपर्यंत चालतो, मध्ये जेवण होते, कोणी तरी नारळ पाडायला बोलावते, आणि तरीही डाव तसाच वाट पाहत असतो. हिरोक्लिक्सच्या स्पर्धेत फेरीला साधारणपणे ५० मिनिटे मिळतात. एका पाळीला सरासरी तीन मिनिटे लागली, तर दोघांच्या मिळून सोळा पाळ्या होतात, म्हणजे आपल्या वाट्याला आठ. त्यांतील पहिल्या दोन पुढे सरकण्यात जातात. जो संघ हळूहळू रंगात येतो आणि दहाव्या पाळीला अजिंक्य ठरतो, तो संघ स्पर्धेत कधी रंगात येतच नाही.

वेळ संपल्यावर काय मोजले जाते, हा पुढचा प्रश्न. हिरोक्लिक्समध्ये प्रतिस्पर्ध्याच्या बाद केलेल्या फिगरांचे गुण धरले जातात. याचा अर्थ, २०० पॉइंटांची फिगर शेवटच्या टप्प्यावर मरणासन्न उभी असली, तरी जोवर ती उभी आहे तोवर प्रतिस्पर्ध्याला तिच्याबद्दल काही मिळत नाही. घरी ज्याला आपण पळपुटेपणा म्हणू, म्हणजे जखमी फिगर भिंतीआड मागे घेणे, ते शेवटच्या दहा मिनिटांत शहाणपण ठरते. त्याचप्रमाणे आपण चार फिगरांना थोडे थोडे जखमी करण्याऐवजी एकीलाच पूर्ण बाद करणे श्रेयस्कर असते.

हा नियम बदलला की खेळ किती बदलतो, याचे उत्तम उदाहरण ‘स्टार वॉर्स एक्स-विंग’ या २०१२ साली आलेल्या, अंतराळयानांच्या लढाईच्या खेळात सापडते. त्यात बंद बूस्टर नसत, यान पाहूनच विकत घेता येई, पण बाकी प्रश्न तोच होता. सुरुवातीच्या नियमांत यान पूर्ण नष्ट झाल्याखेरीज गुण मिळत नसत. साहजिकच खेळाडू १०० पॉइंटांपैकी मोठा वाटा मिलेनियम फाल्कनसारख्या एकाच दणकट यानावर लावू लागले. ते यान मार खात खात वेळ संपेपर्यंत टिकवायचे आणि गुणांवर जिंकायचे. पुढे मोठ्या यानाचे निम्मे आयुष्य गेले की निम्मे गुण द्यावेत असा नियम आला, आणि २०१८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो लहानमोठ्या सर्व यानांना लागू झाला. यान तेच, फासे तेच, पण त्या यानावर पैसे खर्च करण्याचे एक मोठे कारण स्पर्धेच्या कागदावरील एका वाक्याने कमी केले.

दुसरे उदाहरण २००४ साली निघालेल्या ‘स्टार वॉर्स मिनिएचर्स’चे आहे. त्या खेळात बचावाच्या जागी दबा धरून बसणे फायद्याचे होते, आणि दोघेही तसेच बसले की खेळ पुढे सरकतच नसे. तेव्हा स्पर्धेच्या नियमांत ‘गॅम्बिट’ आले: पटाच्या मध्यभागी ज्याची फिगर असेल त्याला दर राउंडला, म्हणजे दोघांची एकेक पाळी झाली की, ५ गुण. लगेच दाराआड लपणाऱ्या संघांना बाहेर यावे लागले आणि मध्यभागी तग धरू शकणाऱ्या फिगरांचे मोल वाढले. आपल्याकडे हे अगदीच नवे नाही. सावंतवाडीच्या १२० पानांच्या दशावतारी गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळात दिवसा रामाच्या रंगाचा राजा ज्याच्याकडे असेल तो डाव सुरू करतो आणि रात्री कृष्णाच्या रंगाचा. पाने तीच राहतात, वेळेनुसार त्यांतील राजांचा मान बदलतो.

तेव्हा घरी सराव करताना स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळ ५० मिनिटांवर लावावे आणि ते वाजल्यावर, डाव कितीही रंगला असला तरी, गुण मोजून थांबावे. असे पाच-सहा डाव खेळल्यावर आपल्या संघाचे खरे रूप दिसते. जाणीवपूर्वक वेळ काढणे हा मात्र स्पर्धेत गुन्हा धरला जातो. आघाडीवर असताना विचार करण्याचे सोंग घेणारा खेळाडू पंचाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

पाचवी पायरी: फासे आणि बोलून खेळणे

हल्ला करताना दोन फाशांची बेरीज हल्ल्याच्या आकड्यात मिळवायची आणि ती बचावाच्या आकड्याला गाठते का ते पाहायचे. बचाव १७ आणि हल्ला १० असेल तर ७ किंवा अधिक हवेत. ३६ शक्यतांपैकी २१ आपल्या बाजूच्या. ८ हवे असतील तर १५, आणि ९ हवे असतील तर १० च. ७ आणि ९ यांत केवळ दोनाचा फरक दिसतो, पण यशाची शक्यता निम्म्याहून खाली येते, हे नवख्याने पाठच करून ठेवावे. दोन्ही फाशांवर सहा पडल्यास हल्ला लागतोच आणि एक इजा जास्त होते. दोन्हींवर एक पडल्यास हल्ला चुकतोच आणि हल्लेखोरालाच एक इजा होते.

स्पर्धेत फासे टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगावे: कोणती फिगर, कोणावर, किती हवेत. फासे सपाट न पडता फिगरला टेकून तिरके राहिले तर पुन्हा टाकायचे, आणि टेबलाखाली गेलेले धरायचे की नाहीत, हे डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. ‘थांब, मला ती चाल परत घ्यायची आहे’ हे वाक्य घरी चालते. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने उदारपणे परवानगी दिली तर त्याचे आभार मानावेत, पण तो आपला हक्क समजू नये.

सहावी पायरी: फिगरांची अवस्था

तबकडी फिरत नसेल, आकडा वाचता येत नसेल किंवा फिगर कोणती हे ओळखू येत नसेल, तर पंच ती नाकारू शकतो. आपल्या हवेत ही अडचण इतरांपेक्षा लवकर येते. पावसाळ्यातील चार महिने पुठ्ठ्याची कार्डे फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांवर बुरशी धरते, म्हणून कार्डे प्लास्टिकच्या पाकिटांत आणि सर्व सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पुड्या कोठून आणायच्या हा प्रश्न पडल्यास नव्या चपलांच्या आणि बॅगांच्या खोक्यांत शोधावे. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या मऊ प्लास्टिकच्या फिगरांचे भाले आणि पाय वाकतात. वाकलेला भाग गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा, म्हणजे तो तसाच राहतो. हे करताना तबकडीत पाणी जाऊ देऊ नये. निखळलेली फिगर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडता येते, परंतु दमट हवेत तो गोंद फार लवकर धरतो आणि भोवती पांढुरका थर उमटवतो, म्हणून थेंब अगदी लहान असावा.

हिरोक्लिक्सच्या फिगर रंगवूनच येतात, त्यामुळे रंगकामाची चिंता नाही. फिगर स्वतः रंगवाव्या लागणाऱ्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या स्पर्धांत मात्र पूर्ण रंगवलेल्या सैन्याला १०० पैकी १० गुण मिळतात, आणि तेथे जाणाऱ्याने पावसाळा सुरू होण्याआधीच रंग संपवलेला बरा.

सातवी पायरी: पंच

कोकणी माणसाला वाद घालायला शिकवावे लागत नाही. वाद थांबवून पंचाला हाक मारायला मात्र शिकवावे लागते. नियमाच्या अर्थावर मतभेद झाला की आवाज चढवण्याऐवजी हात वर करावा, पटावरची एकही फिगर हलवू नये, आणि पंच आल्यावर घडलेली घटना आधी एकाने, मग दुसऱ्याने सांगावी. निर्णय चुकीचा वाटला आणि मुख्य पंच वेगळा असेल तर त्याच्याकडे एकदा दाद मागता येते. त्यानंतर खेळावे. बांधाच्या दाव्यासारखा पुढच्या पिढीपर्यंत तो नेऊ नये. या सर्वांत गेलेली मिनिटे वाढवून मागता येतात, हे अनेक नवख्यांना ठाऊक नसते आणि ते मागायला संकोचतात.

आठवी पायरी: फेऱ्या कशा लागतात

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली आणि तेथूनच तिला हे नाव मिळाले. यात हरलेला बाद होत नाही. पुढच्या फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घातली जाते, त्यामुळे पहिली फेरी हरलेल्या नवख्याला दुसऱ्या फेरीत बहुधा आपल्याच तोडीचा खेळाडू मिळतो. खेळाडू विषम असतील तर एकाला ‘बाय’ म्हणजे न खेळता विजय मिळतो. गुण समान झाल्यास टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सोडवण्याचा निकष, लावतात, आणि त्यात अनेकदा आपल्या प्रतिस्पर्ध्यांची कामगिरीही धरली जाते. म्हणून दोन फेऱ्या हरल्यावर न सांगता निघून जाणे हे आपल्याशी खेळलेल्यांवरही अन्याय करणारे असते. परतीची गाडी असेल तर नावनोंदणीच्या वेळीच सांगावे. जाताना आदल्या रात्री निघणे उत्तम. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते आणि उशीर झाल्यास पहिली फेरी बसल्या जागी गमावावी लागते.

गावातच स्पर्धा घ्यायची झाल्यास

दोन-तीन शहरी स्पर्धा खेळल्यावर हा विचार सुचतोच. ८ खेळाडूंना तीन फेऱ्या पुरतात. ५० मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये दहा-दहा मिनिटे धरली तर तीन तासांच्या आत सर्व आटोपते. दिवस मे महिन्याचा किंवा गौरी-विसर्जनानंतरचा निवडावा, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात आणि आठाचा आकडा भरतो. प्रकार, पॉइंट, वेळ आणि नियमावलीची तारीख या चार गोष्टी लिहिलेली सूचना निदान पंधरा दिवस आधी सर्वांना पोहोचवावी. पंच त्या दिवशी स्वतः खेळणारा नसावा. घड्याळ चावीचे किंवा बॅटरीचे ठेवावे, विजेचा भरवसा धरू नये. नकाशे कागदी असतात आणि पडवीवर दुपारी खाडीवरून वारा सुटतो, तेव्हा प्रत्येक नकाशावर पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा ठेवावा, नाहीतर चारी कोपऱ्यांवर नदीतले गोटे ठेवावेत, आणि ते गोटे पटावरचा अडथळा धरायचे नाहीत हेही सूचनेतच लिहून टाकावे; आमच्याकडे त्यावरून अर्धा तास वाद झालेला आहे.